ओवेन लॅटिमोर: एका प्रदेशज्ञाची वाटचाल

परराष्ट्रनीति हा शब्द कानांवर पडला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें वकिलाती येतात, तहनामे येतात, हिरव्या बनातीनें मढविलेलीं मेजें आणि त्यांभोंवतीं बसलेले मुत्सद्दी येतात. परंतु त्या मेजावर जो नकाशा पसरलेला असतो, त्यांतील प्रदेशांत माणसें काय खातात, कोणती भाषा बोलतात, कोणाला कर देतात आणि कोणाला भितात, हें त्या मुत्सद्द्यांना कोणी तरी सांगावें लागतें. असें सांगणाऱ्या मनुष्यास आपण प्रदेशज्ञ म्हणूं. तो सरकारचा नोकर असतोच असें नाहीं; पुष्कळदां तो एखाद्या विद्यापीठांतील अध्यापक असतो. त्याचें ज्ञान कसें तयार होतें, सरकार त्या ज्ञानाचें काय करतें, आणि तें ज्ञान कोठें फसतें, हे तिन्ही प्रश्न एकाच चरित्रांत पाहावयाचे असतील, तर अमेरिकन पंडित ओवेन लॅटिमोर यांच्याइतकें बोलकें चरित्र मला दुसरें माहीत नाहीं. म्हणून आज त्यांच्याविषयींच चार शब्द बोलणार आहें.

लॅटिमोर यांचा जन्म २९ जुलै १९०० रोजीं वॉशिंग्टन येथें झाला. पण तें मूल एक वर्षाचें होण्यापूर्वींच चीनमध्यें गेलें. वडील डेव्हिड लॅटिमोर हे चिनी शिक्षणसंस्थांत पाश्चात्य भाषा शिकवीत. धाकटा भाऊ रिचमंड याचा जन्म चीनमध्येंच झाला. होमरच्या ‘इलियड’चा प्रसिद्ध इंग्रजी अनुवाद करणारे ते रिचमंड लॅटिमोर हेच. बाराव्या वर्षीं ओवेन यांस शिक्षणासाठीं स्वित्झर्लंडला पाठविण्यांत आलें, पुढें महायुद्ध भडकल्यावर इंग्लंडमधील सेंट बीज या शाळेंत. शाळा संपली तेव्हां ऑक्सफर्डला जाण्याइतका पैसा घरीं नव्हता. १९१९ मध्यें ते चीनला परतले, कांहीं काळ एका वृत्तपत्रांत राहिले आणि मग एका आयात-निर्यातीच्या पेढींत चिकटले. पुढें ज्यांच्या ग्रंथांवर विद्यापीठांतून व्याख्यानें झडलीं, त्यांनीं स्वतः परीक्षा देऊन पदवी म्हणून कधीं मिळविली नाहीं, ही गोष्ट पदव्यांच्या आपल्या हौसेला जरा चिमटा काढणारी आहे.

१९२५ सालीं पेढीनें त्यांना एका कामगिरीवर धाडलें. मंगोलियाच्या कडेला ग्वेइह्वा नांवाचें गांव आहे. आज त्याला होहोत म्हणतात. तेथें पेढीची लोंकर रेल्वेच्या डब्यांत अडकून पडली होती. चीनमध्यें त्या काळीं ठिकठिकाणच्या सेनापतींच्या लढाया चालूं होत्या आणि मालगाडी सोडवून आणणें हें वाटाघाटींचें काम होऊन बसलें होतें. त्या स्टेशनाच्या आवारांत लॅटिमोर यांनीं जें पाहिलें तें त्यांच्या पुढील आयुष्याचें बीज ठरलें. रुळांवर मालगाडीचे डबे उभे होते आणि त्यांना लागून उंटांच्या रांगा बसल्या होत्या. वाळवंट ओलांडून आलेली लोंकर उंटांच्या पाठीवरून उतरत होती आणि दोन पावलांवरच्या डब्यांत चढत होती. एका बाजूला दोन हजार वर्षांची जुनी वाहतूक, दुसऱ्या बाजूला आगगाडी, आणि मध्यें दोन पावलांचें अंतर! हा माल येतो त्या वाटेवर काय आहे, तो आणणारे लोक कोण, त्यांचा हिशेब कसा असतो, या प्रश्नांचीं उत्तरें पेढीच्या खातेवह्यांत नव्हतीं. लॅटिमोर यांनीं नोकरी सोडली आणि तीं उत्तरें शोधण्यासाठीं स्वतःच त्या वाटेनें जाण्याचें ठरविलें.

१९२६ च्या मार्च महिन्यांत त्यांचा एलिनॉर होलगेट यांच्याशीं विवाह झाला होता. त्याच वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस ते ग्वेइह्वाहून उंटांच्या तांड्याबरोबर निघाले. सुमारें १,६०० मैलांचा तो प्रवास १९२७ च्या जानेवारींत सिंकियांगमधील गुचेंग येथें संपला. आपल्याकडील लमाणांच्या तांड्यांची आठवण व्हावी असें तें जग होतें. एकेका हांकणाऱ्याच्या हातीं १८ पर्यंत उंटांची माळ असे. पगार तुटपुंजा, पण स्वतःचा थोडा माल उंटावर लादण्याची मुभा असे आणि त्या आशेवर माणूस वाळवंट तुडवीत जाई. तंबूंत कोणी कोठें बसावें, शेकोटी कोणी पेटवावी, वाटेंत उंट मेला तर तोटा कोणी सोसावा, यांचे ठरलेले नेम होते. लॅटिमोर चिनी भाषा त्यांच्यासारखीच बोलत. म्हणून तांड्यांतील गप्पा त्यांच्यासमोर थांबत नसत.

या प्रवासांत राजकारण त्यांना कसें दिसलें तें पाहण्यासारखें आहे. ज्या वाटेनें तांडा चालला होता, ती जुनी सरळ वाट नव्हतीच. जुनी चांगली वाट बाह्य मंगोलियांतून जात असे. तेथें गवत होतें, पाणी होतें. परंतु तो प्रदेश चीनच्या हातून निसटून सोव्हिएट रशियाच्या छायेखालीं गेला होता आणि चिनी तांड्यांना ती वाट बंद झाली होती. म्हणून तांडे दक्षिणेकडून, काळ्या गोबीच्या निर्जल भागांतून वळसा घेत. पेकिंगमधील नकाशावर बाह्य मंगोलिया चीनच्याच रंगांत रंगविलेला असेल. उंटांच्या पायांना मात्र सरहद्द कोठें आहे तें माहीत झालें होतें. परराष्ट्र राजकारणाचा हा पहिला धडा लॅटिमोर यांना कोणा प्राध्यापकानें दिला नाहीं.

एलिनॉर यांची कथा याहून कमी धाडसाची नाहीं. पतीला गांठण्यासाठीं त्या सैबेरियाच्या रेल्वेनें निघाल्या, सेमिपालातिन्स्क येथें उतरल्या आणि ऐन हिंवाळ्यांत सुमारें ४०० मैल बर्फावरून घसरगाडीनें एकट्या चीनच्या सरहद्दीपर्यंत आल्या. मग दोघेंहि सिंकियांगमध्यें हिंडलीं आणि १८,००० फुटांहून उंच असलेली काराकोरम खिंड ओलांडून लेह व तेथून काश्मीर अशा मार्गानें १९२७ मध्येंच हिंदुस्थानांत उतरलीं. हिमालयापलीकडील व्यापाराची जी वाट आज बंद आहे, ती या दंपतीनें चालती असतांना पाहिली.

या प्रवासांवरील ग्रंथांमुळें लॅटिमोर यांचें नांव झालें. भूगोलपंडित आयझाया बोमन यांनीं त्यांची पारख केली, शिष्यवृत्ती मिळाली, हार्वर्ड येथें एक वर्ष अभ्यास झाला, मांचुरियांत प्रवास झाला, पेकिंगमध्यें राहून त्यांनीं मंगोल भाषा हस्तगत केली. या सर्वांचें फळ म्हणजे १९४० मध्यें प्रसिद्ध झालेला चीनच्या अंतर्गत आशियाई सीमांवरील त्यांचा मोठा ग्रंथ. त्यांतील मुख्य विचार थोडक्यांत सांगतों, कारण त्यांतच या पंडिताची खरी योग्यता आहे.

चीनची मोठी भिंत रानटी टोळ्यांना बाहेर ठेवण्यासाठीं बांधली, असें आपण सारे शाळेंत शिकलों. लॅटिमोर यांनीं विचारलें, भिंत तेथेंच कां? त्यांचें उत्तर असें: पाटाच्या पाण्यावर दाट शेती करणारा चिनी समाज आणि गवताच्या शोधांत कळप घेऊन हिंडणारा मंगोल समाज या दोन निरनिराळ्या जीवनपद्धति आहेत. चिनी शेती जसजशी उत्तरेकडे सरके तसतसें पाणी कमी होई आणि शेतकऱ्याला थोडीं जनावरें पाळावीं लागत. आणखी पुढें गेल्यावर तो शेतकरी राहतच नसे, धनगर होई. आणि धनगर झाला म्हणजे सम्राटाचा कर व सम्राटाचा हुकूम या दोहोंतून सुटे. म्हणून भिंत जितकी बाहेरच्यांना थोपविण्यासाठीं होती, तितकीच आंतल्यांना बाहेर जाऊं न देण्यासाठीं होती. आणि ती रेघ कधींच नीट रेघ नव्हती; तो एक पट्टा होता, जेथें दोन्हीकडचीं माणसें अर्धीं इकडचीं व अर्धीं तिकडचीं होऊन राहत. राजवंश दुर्बळ झाला कीं याच पट्ट्यांतून नवे राज्यकर्ते उठत. आपल्या दख्खनांत धनगराचीं मेंढरें शेतकरी आपण होऊन शेतांत बसवून घेतो, तेव्हां हा झगडा आपल्याला चटकन् उमगत नाहीं. पण सरहद्द म्हणजे नकाशावरची शाई नव्हे, हें समजण्यास याहून चांगला ग्रंथ विरळा.

दरम्यान ते व्यवहाराच्या राजकारणांत ओढले गेले होतेच. १९३४ पासून १९४१ पर्यंत त्यांनीं ‘पॅसिफिक अफेअर्स’ या नियतकालिकाचें संपादन केलें. पॅसिफिक महासागराभोंवतींच्या देशांतील विद्वान् ज्या संस्थेंत एकत्र येत, तिचें हें मुखपत्र. १९३७ च्या जूनमध्यें ते येनानला जाऊन माओ त्से-तुंग व चौ एन-लाय यांना भेटले. पुढच्या वर्षीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत त्यांची नेमणूक झाली. १९४१ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांचें नांव सुचविलें आणि ते चुंगकिंग येथें चँग कै-शेक यांचे राजकीय सल्लागार झाले. माओंच्या गुहेंत जाऊन आलेला मनुष्य चार वर्षांनीं चँग यांच्या मेजाशीं बसतो, हें त्या काळीं कोणाला विचित्र वाटलें नाहीं. शत्रु जपान होता. चँग यांच्याविषयीं त्यांनीं त्या दिवसांत आदरानेंच लिहिलें. नंतर ते अमेरिकेच्या युद्धकालीन प्रचारखात्याच्या पॅसिफिक विभागाचे प्रमुख म्हणून सॅन फ्रान्सिस्को येथें काम पाहूं लागले.

आतां त्यांच्या आयुष्यांतील एका कमीपणाच्या प्रसंगाकडे वळलें पाहिजे. त्यांचे चाहते तो घाईनें ओलांडतात. मला तसें करावेंसें वाटत नाहीं.

१९४४ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस सैबेरिया व चीनच्या दौऱ्यावर निघाले. लॅटिमोर त्यांच्याबरोबर होते. सैबेरियाच्या ईशान्य टोंकाला कोलिमा नांवाचा सोन्याच्या खाणींचा प्रदेश आहे. तेथें हजारों कैदी सक्तमजुरीनें राबत, उपासमारीनें व थंडीनें मरत. पाहुणे येणार म्हणून पहाऱ्याचे मनोरे पाडण्यांत आले, कैदी नजरेआड ठेवण्यांत आले, दुकानें मालानें भरण्यांत आलीं. पाहुण्यांनीं कांचेच्या घरांत वाढविलेल्या भाज्या पाहिल्या, नाटक पाहिलें, धट्टेकट्टे खाणकामगार पाहिले. त्या वर्षाच्या डिसेंबरांत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकांत लॅटिमोर यांचा लेख आला आणि त्यांत या साऱ्या उद्योगाची वाखाणणी होती. तेथील सत्ताधाऱ्यांच्या कारभारावर त्यांनीं स्तुतिसुमनें उधळलीं. एलिनोर लिपर नांवाची एक बाई त्याच वेळीं कोलिमांत कैदी होती. सुटल्यावर तिनें लिहिलेल्या पुस्तकांतून पाहुण्यांच्या डोळ्यांवर पडदा कसा ओढला गेला तें जगाला कळलें.

ज्या मनुष्यानें उंटवाल्यांच्या तंबूंत बसून सरहद्द ओळखली, त्याला कोलिमाची माती कां ओळखूं आली नाहीं? एक कारण उघड आहे: रशिया त्या वेळीं मित्रराष्ट्र होतें आणि पाहुण्यानें यजमानाच्या घराचे कोपरे धुंडाळूं नयेत असा शिष्टाचार होता. पुढें टीका झाली तेव्हां त्यांनींहि असेंच समर्थन केलें. मला तें पुरेसें वाटत नाहीं. पाटील जेवढें दाखवील तेवढेंच गांव पाहावें लागलें, तर निदान तेवढेंच गांव पाहिलें असें लिहावें. शिवाय १९३८ मध्येंच मॉस्को येथील कुप्रसिद्ध खटल्यांविषयीं त्यांनीं संपादक या नात्यानें फार भोळेपणानें, किंबहुना अनुकूल, लिहिलें होतें. वाळवंटांत ते पायीं चालत, भाषा जाणत, आणि कोणाचे पाहुणे नसत. सैबेरियांत विमान सरकारचें, वाट सरकारची, आणि माहिती देणारे तोंडहि सरकारचें होतें. एकाच विद्वानाच्या दोन्ही प्रवासांत फरक पडला तो येथें.

खरी गंमत, किंवा खरी शोकांतिका, पुढेंच आहे. त्यांच्यावर जें संकट कोसळलें तें या चुकीमुळें नव्हे. १९४९ मध्यें चँग यांचा पराभव झाला आणि माओंचें राज्य आलें. अमेरिकेंत प्रश्न उठला: चीन कोणी घालविला? जणूं चीन ही अमेरिकेच्या खिशांतली वस्तु होती! १९५० च्या फेब्रुवारींत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनीं परराष्ट्र खात्यांत कम्युनिस्ट भरले आहेत अशी हांकाटी सुरू केली. पुरावा मागतां मागतां मार्चमध्यें त्यांनीं एक नांव पुढें केलें: ओवेन लॅटिमोर हा अमेरिकेंतील सोव्हिएट हेरांचा म्होरक्या. लॅटिमोर परराष्ट्र खात्याचे नोकरहि नव्हते. त्या वेळीं ते संयुक्त राष्ट्रांच्या एका मंडळाबरोबर काबूल येथें होते. आरोपाची बातमी त्यांना तेथें एका वृत्तसंस्थेच्या तारेनें कळली. इकडे एलिनॉर यांनीं वकील गांठला, जुनीं पत्रें व लेख गोळा केले, आणि नवरा परत येण्याच्या आंत बचावाची तयारी केली.

सिनेटर टायडिंग्ज यांच्या समितीनें जुलैमध्यें निकाल दिला कीं आरोप ही शुद्ध लबाडी आहे. पण तेवढ्यानें भागलें नाहीं. १९५२ मध्यें सिनेटर मॅकॅरन यांच्या समितीपुढें लॅटिमोर यांची १२ दिवस जबानी झाली. त्यांनीं आणलेलें निवेदन वाचतांना सभासदांनीं त्यांना इतकें अडविलें कीं तें संपावयास कित्येक दिवस लागले. समितीनें ठपका ठेवला कीं ते सोव्हिएट कटाचें जाणूनबुजून बोलणारें साधन आहेत. डिसेंबरांत त्यांच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरण्यांत आला. सात कलमें होतीं. एक कलम सोव्हिएट वकिलाबरोबर १९४१ मध्यें घेतलेल्या एका भोजनाचें. तें जेवण हिटलरनें रशियावर हल्ला केल्यानंतर झालें असें लॅटिमोर म्हणाले होते, आणि प्रत्यक्षांत तें त्याआधीं कांहीं दिवस झालें होतें! अकरा वर्षांपूर्वींची तिथि चुकली म्हणून मनुष्य फौजदारींत उभा. मुख्य कलम याहून विलक्षण होतें: आपण कम्युनिस्ट हितांचे पुरस्कर्ते नाहीं असें ते म्हणाले, तें खोटें. न्यायाधीश ल्यूथर यंगडाल यांनीं हें असलें संदिग्ध कलम टिकूं दिलें नाहीं. १९५५ च्या जूनमध्यें सरकारनें खटला सोडून दिला. सोव्हिएट हेरांच्या ज्या गुप्त तारा अमेरिकेनें १९९५ मध्यें उघड केल्या, त्यांतहि लॅटिमोर हेर असल्याचा पुरावा सांपडला नाहीं.

नुकसान एकट्या लॅटिमोर यांचें झालें असतें तर त्याला दैव म्हणून सोडतां आलें असतें. परंतु चीन जाणणारे परराष्ट्र खात्यांतील अधिकारीहि याच लाटेंत वाहून गेले. जॉन सर्व्हिस यांना १९५१ मध्यें बडतर्फ केलें, जॉन पॅटन डेव्हिस यांना १९५४ मध्यें. क्लब आणि व्हिन्सेंट यांनाहि बाहेर पडावें लागलें. या अधिकाऱ्यांचा गुन्हा एवढाच कीं चँग यांचें सरकार सडलें आहे व तें टिकणार नाहीं, असें त्यांनीं युद्धाच्या दिवसांतच वरिष्ठांना कळविलें होतें. वैद्यानें रोग सांगितला म्हणून रोगी दगावल्यावर वैद्यालाच मारण्याचा हा प्रकार. पुढें व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले रॉबर्ट मॅक्नमारा यांनीं १९९५ मध्यें आपल्या आठवणींत कबूल केलें कीं त्या प्रदेशाचे जाणकार पन्नाशीच्या धरपकडींत नाहींसे झाले होते, आणि त्यांच्या अभावीं आपण चीनचे हेतु व व्हिएतनामी राष्ट्रवाद दोन्ही चुकीचे वाचले.

विद्यापीठानें लॅटिमोर यांना काढलें नाहीं, हें खरें. पण त्यांच्याकडील संचालकाची जागा राहिली नाहीं आणि पूर्वींचा मान परत आला नाहीं. १९६३ मध्यें इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठानें चिनी विद्यांचा नवा विभाग उभारण्यासाठीं त्यांना बोलावलें. वयाची साठी उलटलेला हा गृहस्थ तेथें नव्यानें संसार मांडून बसला. १९६८ पासून तेथें मंगोल भाषेचेंहि अध्यापन सुरू झालें. १९७० मध्यें निवृत्तीच्या सुमारास एलिनॉर वारल्या. बर्फावरून एकट्या आलेल्या त्या बाईंशिवाय पुढचीं १९ वर्षें त्यांना काढावीं लागलीं. १९७२ मध्यें, अध्यक्ष निक्सन पेकिंगला जाऊन आल्यावर, लॅटिमोरहि चीनला गेले आणि चौ एन-लाय यांना पुन्हां भेटले.

मंगोल लोकांनीं मात्र त्यांना कधीं परकें मानलें नाहीं. १९६९ मध्यें मंगोलियाच्या विज्ञान अकादमीनें त्यांना परदेशी सभासद करून घेतलें. लॅटिमोर यांचा देहान्त ३१ मे १९८९ रोजीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स येथें झाला. त्यापूर्वीं सात वर्षें, १९८२ मध्यें, मंगोलियाच्या वाळवंटांतून निघालेल्या एका लहानशा शाकाहारी डायनोसॉरचें बारसें मंगोल व पोलिश शास्त्रज्ञांनीं केलें, आणि त्याला नांव ठेवलें ‘गोयोसेफाले लॅटिमोरी’.